पेशीच्या कपाळीचा लेख

सहाव्या रात्री सटवी येते, तान्ह्या बाळाच्या कपाळी लेख लिहिते, आणि तो कुणालाही वाचता येत नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. स्तनाच्या कर्करोगाबाबत डॉक्टरांची स्थिती फार काळ अशीच होती. एकीची गाठ काढली की ती पुढे वीस वर्षे सुखाने नांदे. दुसरीची तेवढीच गाठ काढूनही वर्ष-दीड वर्षात रोग हाडांत, यकृतात उतरे. असे का, ते कुणाला सांगता येत नसे.

इ. स. १८८९ मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेट या शल्यविशारदाने या रोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. यकृत आणि प्लीहा दोहोंना रक्ताचा पुरवठा असतोच. मग यकृतात रोग वारंवार आणि प्लीहेत क्वचित, हे कसे? पॅजेटने उत्तर दिले, की बी वाऱ्यावर कुठेही जाते, पण रुजते ते मानवलेल्या जमिनीतच. आपल्या कुणब्यालाही हे पटेल. परंतु एक बी दुसऱ्याहून इतके जोमदार का, हा प्रश्न पुढे जवळजवळ शतकभर तसाच राहिला.

त्याचा एक धागा १९८२ मध्ये हाती आला, आणि त्यात एक हात मुंबईहून गेलेल्या संशोधकाचा होता. अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत लक्ष्मीचरण पाढी यांना उंदरांच्या मज्जापेशींच्या अर्बुदातून आलेल्या दुष्ट जनुकाशी निगडित असे एक प्रथिन सापडले. १९८५ मध्ये त्याचेच मानवी भावंड ओळखले गेले. त्याचे नाव ‘हर-टू’. हे प्रथिन पेशीच्या दारावर उभे असते आणि ‘वाढ’ असा हुकूम आत पोचविते. दारावर एक-दोन शिपाई असणे रास्तच. पण त्यांची झुंबड उडाली, की हुकूम अखंड सुटत राहतो.

डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या १८९ गाठी तपासल्या व १९८७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. शंभरांतील सुमारे तीस गाठींत या जनुकाच्या प्रती दुपटीपासून विसांहून अधिक पटीपर्यंत वाढलेल्या होत्या. काखेतील रसग्रंथींपर्यंत रोग पोचलेल्या ज्या स्त्रियांत ही वाढ आढळली, त्यांचा रोग लवकर उलटला आणि आयुष्यही कमी ठरले. कपाळीचा लेख प्रथमच वाचता आला!

पण नुसते वाचून काय उपयोग? मृत्यूची तारीख सांगणारा ज्योतिषी कुणाला हवा असतो? या कथेचे मोल पुढे आहे. जी खूण पेशीच्या बाहेर दिसते, तिला हात घालता येतो, हे संशोधकांनी ओळखले. त्या प्रथिनालाच चिकटून त्याचे काम रोखणारे प्रतिपिंड त्यांनी घडविले. १९९८ मध्ये ‘ट्रास्टुझुमॅब’ला अमेरिकेत मान्यता मिळाली. रोग पसरलेल्या ४६९ स्त्रियांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २००१ मध्ये आले: नेहमीच्या औषधांनी मध्यम आयुर्मान २०.३ महिने, या औषधाची जोड दिल्यावर २५.१. पाच महिन्यांनाही उणेच; पण घरात लहान मूल असलेल्या आईला विचारा, पाच महिने म्हणजे काय! २००५ मध्ये तर असे दिसले, की रोग पसरण्याआधीच हे औषध दिल्यास तो उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते.

औषध निर्दोष नाही. काहींच्या हृदयाला ते बाधते. महागही आहे. तथापि जी खूण एके काळी केवळ अशुभ होती, तीच आज उपचाराची वाट दाखविते. सटवीचा लेख पुसता येत नाही म्हणतात. या एका लेखावर तरी माणसाने आपली लेखणी चालविली आहे.