खिळा आणि शेरा

स्वीडनमध्ये डॉक्टरेटचा प्रबंध खिळ्याने ठोकतात. हे अलंकारिक बोलणे नव्हे. खरोखरीचा हातोडा, खरोखरीचा खिळा आणि लाकडी फळा! जाहीर वादसभेच्या काही आठवडे आधी हा विधी होतो. ज्याला विरोध करायचा असेल त्याने वाचून यावे, एवढाच हेतू. सभेत परक्या विद्यापीठातला एक विद्वान 'विरोधक' म्हणून मुद्दाम बोलावलेला असतो. आम्हां मॅट्रिकवाल्यांना हे ऐकूनच घाम फुटावा.

उप्साला विद्यापीठ 1477 चे. तेथे अठराव्या शतकात उलटाच प्रकार होता. प्रबंध बहुधा गुरूने लिहावा आणि शिष्याने लॅटिनमध्ये त्याचा बचाव करावा! वनस्पतींना दुहेरी नावे देणाऱ्या लिनेअसच्या अध्यक्षतेखाली असे 186 प्रबंध झाले. छपाईचा भुर्दंड मात्र शिष्याच्या माथी. खुद्द लिनेअसने वैद्यकाची पदवी 1735 साली हॉलंडातल्या हार्डरवाइक गावी थोड्याच दिवसांत पदरात पाडून घेतली. विषय हिवताप, कारण सांगितले चिकणमातीची जमीन. खरा गुन्हेगार डास, हे रोनाल्ड रॉसला उमगले ते 1897 साली, आपल्या सिकंदराबादेत.

1883 साली एलेन फ्रीस हिने इतिहासात डॉक्टरेट मिळवली. स्वीडनमधली ही पहिली स्त्री डॉक्टर. पण सरकारी पदांची दारे बंद असल्याने बाई पुढे मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. असो.

मला सांगायचे आहे ते पुढल्याच वर्षीचे. स्वान्ते आऱ्हेनियस हा पंचविशीचा तरुण. क्षारांच्या पातळ द्रावणातून वीज कशी वाहते, यावर त्याने उप्सालात दीडशे पानांचा प्रबंध सादर केला. रसायनवाल्यांना तो पदार्थविज्ञानाचा वाटला, पदार्थविज्ञानवाल्यांना रसायनाचा. दोन घरचा पाहुणा उपाशी! प्रबंधाला चौथ्या वर्गाचा शेरा मिळाला. बचावाचा थोडा बरा ठरला, इतकेच. त्या काळी विद्यापीठात शिकवण्याचा हक्क या शेऱ्यावर ठरत असे. म्हणजे पोराचा मार्गच खुंटला.

त्याने प्रबंधाच्या प्रती बाहेरदेशीच्या पंडितांना धाडल्या. रीगाचा प्राध्यापक ओस्टवाल्ड ते वाचून इतका हलला की त्याच उन्हाळ्यात समुद्र ओलांडून उप्सालात येऊन थडकला आणि त्याने तरुणाला आपल्याकडे जागा देऊ केली. मग उप्सालाचे डोळे उघडले; वर्ष सरण्यापूर्वी तेथेच त्याची नेमणूक झाली. 1887 साली त्याने विचार पूर्णत्वाला नेला: मीठ पाण्यात विरघळताच त्याचे विद्युतभारित कण सुटे होतात. आज आमच्या शाळेतली पोरेही हे घोकतात. 1903 साली याच कामाला नोबेल पारितोषिक मिळाले.

तपासायच्या वह्या समोर असल्या की मला हा चौथा वर्ग आठवतो आणि लाल शाईचे टाक क्षणभर थबकते.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. आऱ्हेनियस स्वतः पुढे नोबेलच्या पदार्थविज्ञान समितीवर बसला, तो दोन तपांहून अधिक काळ. मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणारा मेंदेलेयेव्ह त्याच्या सिद्धान्ताचा टीकाकार. 1906 साली रसायनाच्या पारितोषिकासाठी मेंदेलेयेव्हचे नाव पुढे आले आणि मागे पडले. त्यात आऱ्हेनियसचा हात होता असे अनेक इतिहासकार मानतात. पुढच्याच वर्षी मेंदेलेयेव्ह वारला.