चिकटकामाची पूर्वपीठिका

बालवाडीतील चिकटकाम म्हणजे मुलांचा वेळ घालविण्याचा उद्योग, असे कित्येक भगिनींना वाटते. त्याचा इतिहास पाहता तसे म्हणवत नाही. जर्मनीत फ्रोबेलने 1837 साली बालशाळा काढली आणि कागदाच्या घड्या घालणे, कापणे, विणणे यांना शिक्षणातच स्थान दिले.

आपल्याकडे अडचण आली ती साहित्याची. श्रीमती ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला कोठून परवडणार? तेव्हा शिंपले, बिया, पाने, जे भोवती सापडेल तेच साधन झाले.

मग सांगलीकर भगिनींनी तरी कागदाची सबब का सांगावी? जुन्या लग्नपत्रिका आहेत, पुड्यांचे कागद आहेत, खळ घरच्या कणकेची होते. (किर्लोस्करवाडीहून 1930 साली निघू लागलेल्या ‘स्त्री’चे जुने अंक मात्र कृपा करून कपाटातच राहू द्यावेत!) तीन वर्षांच्या मुलाला कात्री नको, कागद हाताने फाडण्यानेही बोटांना वळण लागते.

प्रदर्शनासाठी मुलाचे चित्र आईने पुरे करण्याची रीत तेवढी बंद व्हावी. त्याने गाढवाला सहा पाय चिकटविले असतील, तर सहाच राहू द्यावेत.