गाठीची ओळख आणि गोळीची किंमत

घाटकोपर-मुलुंडकडून परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या रोग्याला पूर्वी एवढेच कळे, की गाठ कोणत्या अवयवात आहे. आज त्याच्या कागदांवर ‘एक्झॉन 11’, ‘एक्झॉन 9’ असे शब्द आढळतात. हा फरक कसा पडला, त्याचा इतिहास फार जुना नाही आणि त्यात आमच्या मुंबईचाही वाटा आहे.

जठराच्या वा आतड्याच्या भिंतीत होणारी एक गाठ पूर्वी स्नायूची समजत असत. 1983 साली मेझर व क्लार्क यांनी तिचा वेगळेपणा दाखवला. आज तिला ‘गिस्ट’ म्हणतात. शस्त्रक्रियेने ती पुरती निघाली तर ठीक. पण एकदा पसरली म्हणजे नेहमीची केमोथेरपी जवळजवळ निष्फळ ठरे. 1998 मध्ये जपानच्या हिरोटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ शोधले. ह्या गाठींत ‘किट’ नावाच्या जनुकात बदल झालेला असतो. ह्या जनुकाचे प्रथिन म्हणजे पेशीच्या दारावरील घंटेचे बटण. बाहेरून कोणी दाबले तर पेशी वाढावी, हा नियम. येथे बटण अडकून बसते आणि घंटा वाजतच राहते.

योगायोग असा की, रक्ताच्या एका कर्करोगावर तेव्हा इमॅटिनिब ह्या औषधाचे प्रयोग चालू होते आणि तेच औषध ‘किट’लाही आवरते. 2000 साली हेलसिंकीत एका स्त्रीला ते देण्यात आले. पसरलेल्या गाठी आक्रसल्या.

औषध सापडले, पण ते घ्यायचे कोणी? ‘ग्लिवेक’ची किंमत तेव्हा महिन्याला सुमारे 1,20,000 रुपये होती, तर देशी कंपन्यांची तीच गोळी 8,000 ते 10,000 रुपयांत मिळे. नोव्हार्टिस कंपनीने कित्येकांना औषध फुकट दिले, हेही नमूद केले पाहिजे. परंतु दान आणि हक्क ह्यांत अंतर आहे. कंपनीच्या पेटंट-अर्जाला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननेही हरकत घेतली. 2006 मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज नाकारला आणि 1 एप्रिल 2013 रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई ह्यांनी सर्वोच्च न्यायालयात तोच निर्णय कायम केला.

गोळी स्वस्त झाली, मग तपासणीचा खर्च कशाला, असे कोणी म्हणेल. आम्हांला हा हिशेब खोटा वाटतो. बदल एक्झॉन 11 मध्ये असेल तर रोजच्या 400 मिलिग्रॅमचा गुण बहुधा चांगला येतो. एक्झॉन 9 मध्ये असेल तर पुष्कळदा दुप्पट मात्रा लागते. काही थोड्या गाठींत ‘किट’ निर्दोष असतो आणि पीडीजीएफआरए ह्या दुसऱ्या जनुकात बदल असतो. त्यात 842व्या जागचा एक ठराविक बदल निघाला, तर इमॅटिनिब कितीही स्वस्त असो, रोग्याचे महिने फुकट जातात. त्या बदलावर चालणाऱ्या अ‍ॅव्हाप्रिटिनिबला अमेरिकेत मान्यता मिळाली ती 2020 च्या जानेवारीत.