ढगांआड गेलेला शुक्र

२२ जुलै २००९ च्या पहाटे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी बिहारमधील तारेगना या गावी हजारो लोक जमले होते. ऐन वेळी ढगांनी सूर्य झाकला आणि सगळ्यांना हात हलवत परतावे लागले. आकाशदर्शनाच्या सहली काढणाऱ्या शिक्षकांना असा अनुभव नवा नाही. मुलांना घेऊन माळावर जावे, दुर्बीण लावावी आणि नेमके आभाळ भरून यावे! परतीच्या वाटेवर एखादा विद्यार्थी विचारतोच, ‘‘सर, मग आपण आलो कशाला?’’ या प्रश्नावर विचार करताना आम्हाला नेहमी गियोम ल जाँतील या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाची आठवण होते.

शुक्र हा पृथ्वी आणि सूर्य यांच्या बरोबर मध्ये आला की सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकताना दिसतो. यालाच शुक्राचे अधिक्रमण म्हणतात. ही घटना दुर्मिळ असते. आठ वर्षांच्या अंतराने दोनदा अधिक्रमण होते आणि मग शंभराहून अधिक वर्षे वाट पाहावी लागते. पृथ्वीवरील दोन दूरच्या ठिकाणांहून पाहिले, तर शुक्र सूर्यबिंबावरून किंचित वेगळ्या रेषेने जाताना दिसतो. (हात लांब करून अंगठा आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्याने पाहा, म्हणजे हे कळेल.) या फरकावरून पृथ्वी-सूर्य अंतर काढता येईल, हे एडमंड हॅली याने १७१६ मध्ये दाखवून दिले होते. त्यासाठी जगभर निरीक्षक पाठवणे आवश्यक होते. ल जाँतीलच्या वाट्याला पाँडिचेरी आली.

२६ मार्च १७६० रोजी त्याने फ्रान्सचा किनारा सोडला. त्या वेळी इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात युद्ध चालू होते. मॉरिशसमार्गे त्याचे जहाज मे १७६१ मध्ये मलबार किनाऱ्याजवळ पोहोचले, तेव्हा पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडल्याची बातमी मिळाली. जहाज मागे फिरले. ६ जून १७६१ रोजी अधिक्रमण झाले तेव्हा आकाश स्वच्छ होते, पण ल जाँतील भर समुद्रात होता. डोलणाऱ्या जहाजावर लंबकाचे घड्याळ चालत नाही आणि आपण नेमके कोठे आहोत हेही ठाऊक नसते. त्याला शुक्र दिसला, पण त्या निरीक्षणाचा गणिताला काही उपयोग नव्हता.

पुढचे अधिक्रमण १७६९ मध्ये होणार होते. तोवर परत न जाता इकडेच थांबायचे त्याने ठरवले. मधल्या काळात मादागास्करच्या पूर्व किनाऱ्याचा नकाशा तयार केला, वारे आणि भरती-ओहोटी यांच्या नोंदी केल्या. १७६६ मध्ये तो मनिलाला गेला, पण तेथील स्पॅनिश गव्हर्नरला त्याचा संशय आला. तहानंतर पाँडिचेरी फ्रेंचांना परत मिळालीच होती, म्हणून मार्च १७६८ मध्ये तो तेथे आला आणि पडक्या किल्ल्यात त्याने वेधशाळा उभारली. कालपर्यंत शत्रू असलेल्या इंग्रजांनीही त्याला मद्रासहून एक उत्तम दुर्बीण पाठवली.

ही जागा निवडण्यात चूक झाली होती का? मुळीच नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिम घाटावर बहुतेक पाऊस पाडतात. घाटाच्या पलीकडे पाँडिचेरीला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. कोकणात जूनमध्ये सूर्य दिसण्याची खात्री नसते, कोरोमंडल किनाऱ्यावर मात्र ती बरीच असते. १७६९ च्या मे महिन्यातल्या सकाळी स्वच्छच होत्या. पण शक्यता म्हणजे हमी नव्हे. ४ जूनच्या पहाटे वारा सुटला, ढग आले आणि अधिक्रमण संपेपर्यंत सूर्य झाकलेलाच राहिला. त्यानंतर थोड्याच वेळात लख्ख ऊन पडले! त्या दिवशी मनिलाचे आकाश निरभ्र होते, हे त्याला पुढे कळले. सुमारे दोन आठवडे त्याला लेखणी हाती धरवली नाही.

पण त्याच पाँडिचेरीत त्याने आणखीही काही पाहिले होते. ग्रहणाचे गणित करणारे तमिळ पंचांगकर्ते कवड्या मांडून हिशेब करीत. नियम आणि कोष्टके त्यांना तोंडपाठ असत. ल जाँतीलने ही पद्धत त्यांच्याकडून शिकून घेतली आणि ती तपासून पाहिली. ३० ऑगस्ट १७६५ च्या चंद्रग्रहणाचा कालावधी या पद्धतीने प्रत्यक्षापेक्षा ४१ सेकंद कमी येत होता. युरोपात त्या वेळी उत्तम मानल्या जाणाऱ्या मायरच्या कोष्टकांनी तो १ मिनिट ८ सेकंद जास्त येत होता. एका ग्रहणावरून कोणती पद्धत श्रेष्ठ हे ठरत नाही, पण दखल घ्यावी असा हा निकाल नक्कीच होता. त्याच्या या लेखनातून युरोपातील विद्वानांना भारतीय ज्योतिर्गणिताचा जवळून परिचय झाला. त्यावर विसंबून बेयी याने १७८७ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भारतीय ज्योतिषाच्या प्राचीनतेविषयी बेयीने केलेले दावे पुढे टिकले नाहीत, पण ल जाँतीलच्या नोंदींचे मोल त्यामुळे कमी झाले नाही.

ऑक्टोबर १७७१ मध्ये तो फ्रान्समध्ये परतला, तेव्हा तो मेला असे समजून वारसांनी मालमत्तेची वाटणी आरंभली होती. अकादमीतली त्याची जागाही दुसऱ्याला दिलेली होती. त्याच वर्षी लालांद याने इतरांच्या निरीक्षणांवरून सूर्याचे अंतर सुमारे १५ कोटी ३० लाख किलोमीटर येईल असे काढले. आजचा आकडा १४ कोटी ९६ लाख आहे. त्या गणितात ल जाँतीलचा एकही आकडा नव्हता. ही हानी खरी होती आणि ती लपवण्याचे कारण नाही. पण १७७९ आणि १७८१ मध्ये त्याने आपल्या प्रवासाचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत वारे आहेत, किनारे आहेत, माणसे आहेत आणि ते कवड्यांचे गणितही आहे.

तेव्हा पुढच्या खेपेस आभाळ भरून आले तर वह्या मिटू नयेत. ढग कोणत्या दिशेने आले, किती वाजता आले, वारा कसा होता, हे मुलांना लिहू द्यावे. जवळच्या वस्तीतील एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला पावसाची नक्षत्रे आणि त्यांची वाहने विचारावीत आणि त्याचे अंदाज आपल्या नोंदींशी ताडून पाहावेत. ‘‘आपण आलो कशाला?’’ याचे उत्तर त्या वहीत सापडेल.