इन्सुलिन

इन्सुलिन : स्वादुपिंडातील लँगरहान्स द्वीपकांच्या बीटा कोशिकांत निर्माण होणारे, ५१ ॲमिनो अम्लांचे प्रथिनरूप हॉर्मोन. स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यास मधुमेह जडतो, हे मेरिंग व मिंकोव्हस्की यांनी १८८९ मध्ये दाखविल्यानंतर, टोरोंटो येथे मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत बँटिंग व बेस्ट यांनी १९२१ मध्ये त्या पिंडाचा अर्क मिळविला आणि कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर १९२२ च्या जानेवारीत एका १४ वर्षांच्या मुलावर त्याचा उपचार यशस्वी झाला.

चयापचय : भोजनोत्तर रक्तशर्करा वाढताच इन्सुलिनाचा स्राव वाढतो आणि आलेल्या अन्नाची तजवीज लावण्याचा कारभार दक्ष कोठावळ्याप्रमाणे ते आपल्याकडे घेते. त्याच्या अंमलाखाली स्नायू व मेदऊतक यांच्या कोशिकांतील ग्लुकोजवाहक प्रथिने पृष्ठभागी येऊन शर्करा आत घेतात; यकृत व स्नायू यांत ग्लायकोजेन साठते; आणि यकृतातून नवी शर्करा रक्तात सोडली जाण्यास आळा बसतो. उपवासात स्राव घटला, की ग्लुकागॉन या विरोधी हॉर्मोनाचे वर्चस्व होऊन यकृतातील ही शिल्लक पुन्हा खर्ची पडू लागते.

शरीरभार : इन्सुलिन मेदाच्या निर्मितीस साहाय्य करते आणि साठलेल्या मेदाचे विघटन रोखते, म्हणूनच त्याचा जवळजवळ संपूर्ण अभाव असलेल्या, म्हणजे पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रोग्याचे शरीर, मुबलक अन्न मिळूनही, झपाट्याने झिजते, आणि उपचार सुरू होताच, मूत्रावाटे वाया जाणारी शर्करा अंगी लागू लागल्यामुळे, त्याचे वजन वाढते. तथापि निरोगी माणसाच्या स्थूलतेचा सारा दोष या एका हॉर्मोनावर लादणे युक्त नव्हे. आहारातून मिळणारी ऊर्जा खर्चाहून दीर्घकाळ अधिक राहिल्यावाचून मेदसंचय वाढत नाही. उलट अतिस्थूलतेत कोशिका इन्सुलिनास दाद देईनाशा होतात व स्वादुपिंडास अधिकाधिक स्राव करावा लागतो. ही प्रतिरोधावस्था पेलण्यास तो असमर्थ ठरला, की दुसऱ्या प्रकारचा मधुमेह उद्भवतो.

स्नायुवृद्धी : प्रौढ माणसात इन्सुलिनाचा मुख्य प्रभाव स्नायूंतील प्रथिनांचा ऱ्हास थोपविण्यात दिसतो, नव्या प्रथिनांच्या निर्मितीस त्याचे साहाय्य होते खरे, परंतु रक्तात ॲमिनो अम्लांचा पुरवठा पुरेसा असेल तरच. स्नायू पुष्ट होण्याची खरी प्रेरणा भारव्यायामातून येते, आणि आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनावाचूनही ग्लुकोज ग्रहण करू शकतो, हे येथे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तरीही शरीरसौष्ठवाच्या हव्यासापायी काही निरोगी व्यायामपटू त्याची अंतःक्षेपणे घेतात. अशा वेळी रक्तशर्करा एकाएकी घसरून मूर्च्छा, आचके आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध द्रव्यांच्या यादीत इन्सुलिनाचा समावेश असून, वैद्यकीय कारणासाठी रीतसर परवानगी मिळाल्याखेरीज स्पर्धक खेळाडूस ते घेता येत नाही.