वस्तुकेंद्री आज्ञावलीलेखनाचे शिक्षण, महाराष्ट्रातील
माहिती व तिच्यावर करावयाच्या क्रिया एकत्र बांधून संगणकाची आज्ञावली रचण्याची पद्धती म्हणजे वस्तुकेंद्री आज्ञावलीलेखन. व्यवहारात ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग’ हेच नाव रूढ आहे. ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगोर्ड या नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी ऑस्लो येथे विकसित केलेल्या ‘सिम्यूला ६७’ या भाषेत तिचा पाया घातला गेला. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांची ‘सी प्लस प्लस’ (१९८५) व सन कंपनीची ‘जावा’ (१९९५) या भाषांमुळे तिचा सर्वत्र प्रसार झाला. मेजावरील संगणकाच्या पडद्यावरील खिडक्या व कळी, तसेच संकेतस्थळामागील व्यवहार, असे स्वतंत्र घटक मानून लिहिणे सोयीचे ठरले.

मूळ कल्पना अवघड नाही. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीसारख्या गावात ती समजावण्यास कापूस विक्रीची पावती पुरेशी आहे. कोरी छापील पावती हा ‘वर्ग’. नाव, वजन व दर भरलेली प्रत्येक पावती ही ‘वस्तू’. वजनास दराने गुणून रक्कम काढणे ही तिची क्रिया. सोयाबीनच्या पावतीत याच रकान्यांखेरीज ओलाव्याचा रकाना वाढविला, तर तो ‘वारसा’ होय. मात्र सातबाऱ्यावरील वारसांप्रमाणे येथे वाटणी होत नाही. मूळ वर्गाचे काही कमी न होता वारसाला सर्व मिळते.

अडचण होती ती भाषेची. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ‘क्लास’ म्हणजे शिकवणी आणि ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे व्याकरणातील कर्म ठाऊक असे. त्यामुळे व्याख्या पाठ होत, अर्थ मागे राही.

१९८३ साली राज्य शासनाने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिल्यावर हे शिक्षण मोठ्या शहरांबाहेर जाण्याची वाट मोकळी झाली. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच वर्षीचे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९३ मध्ये प्रगत संगणन प्रशिक्षणाची शाळा काढली. तिचा लाभ मुख्यतः पदवीधरांना झाला. जिल्ह्यांतील कनिष्ठ महाविद्यालयांत ही कल्पना पोहोचली ती बारावीच्या द्विलक्षी संगणकशास्त्र विषयातून. त्यात सी प्लस प्लसचा समावेश होता. प्रात्यक्षिक असले, तरी लेखी परीक्षेत आज्ञावली कागदावर उतरवावी लागे आणि कागद चूक दाखवीत नाही. पुस्तकांपैकी नागपूरचे यशवंत कानेटकर यांची ‘लेट अस सी’ व तिच्या जोडीची सी प्लस प्लसवरील पुस्तके सोप्या इंग्रजीमुळे देशभर वाचली गेली.

साधनांची स्थितीही विचित्र होती. सी प्लस प्लसचे आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मध्ये ठरले. तथापि अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत त्याआधीचे, निळ्या पडद्याचे ‘टर्बो सी प्लस प्लस’ त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिले. तेथे निर्दोष ठरलेली आज्ञावली नव्या संकलकावर पहिल्याच ओळीला अडे. हा दोष विद्यार्थ्याचा नव्हता, पण नोकरीच्या दारात त्याचा भुर्दंड त्यालाच पडे.

भाषेचा अडसर काही अंशी दूर केला तो मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालील या प्रकल्पात सुमारे दहा-दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ तयार झाले. जावासह अनेक विषयांचे निवेदन मराठीत उपलब्ध झाले. पडद्यावरील मजकूर इंग्रजीच राहिला. कानावर मात्र मराठी पडू लागली. पाठ थांबवून तीच कृती शेजारच्या खिडकीत करून पाहावयाची, ही त्याची रीत असल्याने शिक्षकावाचूनही अभ्यास शक्य झाला. एकट्याने शिकणाऱ्या खेड्यातील विद्यार्थ्यास याचा उपयोग शहरी विद्यार्थ्याहून अधिक.

२०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास मान्यता दिली आणि पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा मराठी अभ्यासक्रम सुरू झाला.