वंशावळीत लेकी परत आल्या

मावळात वंशावळ हा आधी जमिनीचा कागद असतो. वडगावच्या तहसील कचेरीत वारसनोंद करायची असो, लोणावळ्याच्या आसपास जमिनीचं वाटप असो की जातीच्या दाखल्याचा अर्ज असो, वंशावळ जोडावीच लागते. वर खापरपणजोबा, त्यांच्याखाली पणजोबा आणि त्यांचे भाऊ, मग आजोबा, चुलत आजोबा आणि सगळ्यात खाली अर्जदार. एखाद्या नावापुढे रेघ थांबली की तिथे 'निःसंतान' एवढाच शेरा असतो. असे कागद घरोघर लोखंडी पेटीत जपलेले आहेत आणि त्यांतली नावं बहुतेक बरोबरही आहेत.

तोच कागद आनुवंशिक आजाराच्या डॉक्टरांपुढे ठेवला, तर ते आधी विचारतात, "यांच्या बहिणी कुठे आहेत?" घरातला आजार कुठून आला आणि पुढे कोणाला होऊ शकतो, हे ताडायला डॉक्टरही वंशावळच काढतात. त्यांच्या वंशावळीत मात्र लेकी, सुना, आजोळ, आत्याचं सासर, सगळं लागतं. या दुसऱ्या वंशावळीची ही कुळकथा आहे. जुन्या वंशावळीने गाळलेली नावं एकेक करून परत घेतली गेली, तेव्हा ती तयार झाली.

पहिली वंशावळ वतनाने घडवली. बारा मावळांत देशमुखी आणि पाटिलकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या, त्यामुळे भाऊबंदकीचे तंटेही पिढ्यान्‌पिढ्या चालले. तंटा गोतसभेपुढे, म्हणजे वतनदारांच्या न्यायसभेपुढे, आला की वादी आणि प्रतिवादी आपापला करीना लिहून देत. मूळ पुरुष कोण, त्याला पुत्र किती, वतन कोणाच्या हाती आलं, ही हकिकत त्यात असे. रोहिड खोऱ्यातल्या कारीच्या जेध्यांचा करीना आज शिवकालाचं महत्त्वाचं साधन मानला जातो. निकालाचा महजर, म्हणजे लेखी निवाडा, होई. काही वेळा उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा काढण्याचं दिव्यही करावं लागे. पुढे इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसलं आणि इनामदारांना आपला हक्क पुन्हा कागदावर शाबीत करावा लागला. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे आणि १९१० साली पुण्यात सुरू झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी पुढे असे कागद दप्तराच्या रुमालांतून उजेडात आणले.

त्या वंशावळीपुढे प्रश्न एकच होता : हक्क कोणाकडून कोणाकडे गेला? हक्क बहुधा बापाकडून मुलाकडे जाई, म्हणून कागदावर बाप आणि मुलगेच राहिले. नवरा मेल्यावर दत्तक घ्यायची वेळ आली, तर विधवेचं नाव येई. लेक लग्न होऊन गेली की तिचं नाव कागदावरून जाई.

लेकींची माहिती हरवली होती असं मात्र नाही. सोयरीक जुळवताना तीच आधी विचारली जाई. मुलीचं आजोळ कुठलं, आत्या कुठे दिली, देवक कोणतं, मावशीचा दीर आपल्या कोणाचा साडू, हे सगळं घरातल्या म्हाताऱ्यांना पाठ असे. धर्मशास्त्रानेही सपिंड नातं मोजताना बापाकडच्या सात पिढ्यांबरोबर आईकडच्या पाच पिढ्या धरल्या होत्या. म्हणजे पुरुषांची वंशावळ कागदावर होती आणि बायकांची तोंडी. डॉक्टरांच्या वंशावळीने या दोन्ही एका कागदावर आणल्या.

तिची सुरुवात रक्त न थांबण्याच्या आजारापासून झाली. १८०३ साली फिलाडेल्फियाच्या जॉन ऑटो या डॉक्टराने एका कुटुंबाची हकिकत छापली. त्या घरातल्या पुरुषांना लहानशी जखमही जिवावर बेते. बायका स्वतः धडधाकट असत, पण आजार त्यांच्या मुलांत उतरे. माग काढत ऑटो न्यू हॅम्पशायरमधल्या प्लिमथजवळ राहायला आलेल्या स्मिथ नावाच्या एका बाईपर्यंत पोचला. वतनाच्या कागदावर सगळ्यात वर मूळ पुरुष असे, इथे मूळ स्त्री आली. १८४५ मध्ये प्लिनी अर्ल या अमेरिकन डॉक्टराने स्वतःच्याच नातेवाइकांतल्या रंगांधळेपणाचा तक्ता काढला, त्यात बायका आणि पुरुष दोघांनाही खुणा दिल्या. १८७६ मध्ये स्वित्झर्लंडच्या योहान हॉर्नर यांनी रंगांधळेपणाचा नियम सांगितला : तो आजोबांकडून लेकीमार्फत नातवाकडे जातो.

गुण पिढ्यांतून कसे उतरतात हे दाखवणारं मेंडेल यांचं वाटाण्यावरचं काम १८६६ मध्ये छापलं गेलं होतं, पण जगाचं लक्ष तिकडे १९०० मध्ये गेलं. त्यानंतर हे तक्ते भराभर उलगडू लागले. १९०२ मध्ये लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरड यांनी लघवी काळी पडणाऱ्या एका विकाराच्या कुटुंबांत पाहिलं, की रुग्णाचे आईबाप बऱ्याचदा एकमेकांचे सख्खे चुलत, मामे किंवा मावस भाऊबहीण असतात. १९०५ मध्ये विल्यम फॅराबी यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका घराण्यात आखूड बोटं पिढ्यान्‌पिढ्या कशी चालली ते दाखवलं. खुणा मात्र बराच काळ ज्याच्या त्याच्या वेगळ्या राहिल्या. अमेरिकेत अनुवंशशास्त्रज्ञांच्या एका गटाने १९९५ मध्ये सर्वांसाठी एकच खूणपद्धत ठरवून दिली.

आज दवाखान्यात जो तक्ता काढतात त्यात पुरुषाला चौकोन आणि स्त्रीला वर्तुळ असतं. नवराबायकोंमध्ये आडवी रेघ, तिच्यापासून खाली लेकरं, थोरलं डावीकडे आणि धाकटं उजवीकडे. आजारी माणसाची खूण भरीव, हयात नसलेल्यावर तिरकी रेघ. ज्याच्यापासून विचारपूस सुरू झाली त्याच्याकडे बाण. नवराबायको आधीपासून नात्यातले असतील, तर त्यांच्यामधली रेघ दुहेरी. कागद भरला की नजर भरीव खुणांवर जाते. त्या प्रत्येक पिढीत असतील, बापाकडून मुलाकडेही गेल्या असतील, तर गुण प्रभावी आहे, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. आईबाप निरोगी, पण एकाच पिढीतली भावंडं भरीव आणि वर दुहेरी रेघ असेल, तर तो बहुधा अप्रभावी आहे, म्हणजे दोघांकडून यावा लागतो. भरीव चौकोनच असतील आणि ते निरोगी वर्तुळांमार्फत जोडलेले असतील, तर दोष बहुधा एक्स गुणसूत्रावर आहे.

हा तिसरा प्रकार मावळात आणून पाहू. समजा, पवन मावळातल्या एका आजोबांना हिमोफिलिया, म्हणजे तोच रक्त न थांबण्याचा आजार, होता. बाप आपलं एक्स गुणसूत्र मुलींना देतो, मुलांना देत नाही. त्यामुळे त्यांच्या मुलांना आजार नाही आणि मुलांच्या लेकरांनाही त्यांच्याकडून तो येणार नाही. त्या घराच्या वंशावळीत आजार आजोबांबरोबर संपला. पण आजोबांची प्रत्येक लेक वाहक आहे, म्हणजे दोष पुढे नेऊ शकणारी. एक लेक नाणे मावळात दिली. तिच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही निम्मी. तिचा मुलगा रांगू लागला आणि त्याचा गुडघा सुजला. सासरच्या वंशावळीत कोणाला असं कधी झालेलं नाही, म्हणून घर हवालदिल. दोन्ही गावांच्या वंशावळी खऱ्या आहेत, पण त्यांना जोडणारी बाई दोन्हीकडे नाही. ती लिहिली की 'मुलाच्या आईच्या वडिलांना होतं' या एका ओळीत डॉक्टरांचं निम्मं काम होतं आणि तिच्या बहिणींनाही वेळेवर सांगता येतं.

मावळातली घरं घाटाच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहेत. १८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मावळचा माणूस कामाला मुंबईला जाऊ लागला. मुंबईच्या डबेवाल्यांतही मावळ, मुळशी, खेडची माणसं मोठ्या संख्येने आहेत. पेशंट परळला आणि त्याची हकिकत सांगणारी आजी गावाला, असं सहज घडतं. परळच्याच केईएम रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात आपल्याकडच्या एका फार मोठ्या शोधाचा आरंभ झाला.

डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईत काही माणसांचं रक्त चमत्कारिक आढळलं. तपासणीत ते ओ गटासारखं दिसे, पण त्यांचं रक्तद्रव ओ गटाच्या रक्तालाही गोळा करी. म्हणजे जगात सर्वांना चालणारं ओ रक्तही त्यांना चालत नव्हतं. लंडनच्या लिस्टर संस्थेतल्या रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांच्या मदतीने १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. भेंड्यांबरोबर सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया हेही त्याचे लेखक होते. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाचा मानतात, युरोपात दहा लाखांत एकाचा.

रक्त असं का वागतं, हे कुटुंबाच्या तक्त्याने सांगितलं. १९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांच्या गटाला एक घर सापडलं. त्यातल्या आईच्या रक्तात बी दिसत नव्हता, तरीही लेकराला बी मिळाला होता आणि तो तिच्याकडूनच आला होता. म्हणजे बीचं जनुक तिच्यात होतं, पण ते प्रकट होत नव्हतं. ए आणि बी हे दोन्ही एच नावाच्या पदार्थावर बसतात. खुंटीच नसेल तर बंडी कशाला अडकवणार? तसं तिच्यात एच तयारच होत नव्हतं. लेव्हिन यांनी या प्रकाराला मुंबईचंच नाव दिलं, तो आज बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. एच तयार करणारं एफयूटी१ हे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. आई आणि बाप दोघांकडून त्याची बिघडलेली प्रत आली, तरच हा गट होतो.

मुंबईत भाटिया आणि एल. डी. संघवी यांनी १९६२ मध्ये या गटाचा आणि नात्यातल्या लग्नांचा संबंध मांडला. हिशोब असा आहे. आजोबांकडे एक बिघडलेली प्रत आहे. ती त्यांच्या मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी आणि पुढे नातीकडे जाण्याचीही निम्मी. लेकीमार्फत नातवाकडेही तेच. नात आणि नातू दोघेही वाहक असण्याची शक्यता सोळात एक. नातवाने मामाची ही मुलगी केली, तर त्यांच्या लेकरात दोन्ही प्रती एकत्र येण्याची शक्यता चौसष्टात एक. दहा हजारांत एक या मानाने पाहिलं, तर अशा लग्नांत हा गट इतर लग्नांपेक्षा सुमारे सातपट जास्त दिसतो. मामाची मुलगी करण्याचा रिवाज महाराष्ट्रातल्या अनेक जातींत चालत आलेला आहे. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ च्या भारतीय नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात त्याची मांडणी केली आहे. अशी बहुतेक लेकरं निरोगीच जन्मतात, हेही त्याच हिशोबात आहे. तक्ता कोणाला दोष देत नाही, कुठे तपासायचं ते दाखवतो. बॉम्बे गटाच्या माणसाला ऑपरेशनसाठी रक्त हवं असेल, तर आधी त्याची भावंडं तपासतात. आईबाप वाहक असले तर प्रत्येक भावंडाला तोच गट असण्याची शक्यता चारात एक असते, परक्यांत ती दहा हजारांत एक.

या तक्त्याचा दुरुपयोगही झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत चार्ल्स डेव्हनपोर्ट यांच्या कचेरीने घरोघर फिरून असे हजारो तक्ते जमवले. गरिबी आणि वेडेपणाही रक्तातच असतो असं ठरवून माणसांची सक्तीने नसबंदी करण्याला त्या कचेरीने आधार पुरवला. १९३३ च्या जर्मन कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. इरावतीबाईंनी त्याच्या आधी, १९२० च्या दशकाच्या अखेरीला, बर्लिनमध्ये वंशवादी ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत प्रबंध केला. कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. गुरूला हवं ते त्यांनी लिहिलं नाही. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी जाती आणि नातीगोती गावोगाव फिरून अभ्यासली. माणसांच्या नोंदी घेताना तोच सचोटीचा कस लागतो.

म्हणून दवाखान्याने काढलेला तक्ता ही त्या घराची खाजगी गोष्ट आहे. सोयरीक मोडायला किंवा सुनेला बोल लावायला तो कोणी वापरू नये. अप्रभावी आजार आईबाप दोघांकडून येतो. एक्स गुणसूत्रावरचा आईकडून आला, तरी तिने तो ठरवून दिलेला नाही. हिमोफिलियाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घरात तर आधी कोणालाच तो नसतो, तिथे बदल नव्याने झालेला असतो.

आता तरी वंशावळ नव्याने लिहिली पाहिजे. हिंदू वारसा कायद्याच्या महाराष्ट्रातल्या १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभरासाठी २००५ च्या दुरुस्तीने लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, त्यामुळे वारसनोंदीच्या कागदावर तिचं नाव परत आलंच आहे. घराने त्याच कागदाची आणखी एक प्रत दवाखान्यासाठी करावी. तीन पिढ्या पुरेत. प्रत्येक बहीण, आत्या, मावशी, त्यांचं सासर आणि लेकरं लिहावीत. वारलेल्याचं वय आणि कारण लिहावं, लहानपणी गेलेली लेकरंसुद्धा. नवराबायको नात्यातले असतील तर कोणत्या नात्याने, मामेभाऊ की मावसभाऊ, तेही लिहावं. ही माहिती आज बहुतेक घरांत सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या आजीकडेच आहे. दिवाळीला सगळे गावी जमतात, तेव्हा तिच्याशेजारी बसून ती उतरवून घ्यावी. एका दुपारचं काम आहे आणि ते तिच्या हयातीतच होऊ शकतं.